ट्रकचे इंजेक्टर रिबिल्डला टाकताय? मुंबईत डिझेल लॅब अशी पारखा

इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर रिबिल्ड करून, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून आणले की त्यांच्यासोबत दोन कागद यायला हवेत. एक, खोलण्याआधी बेंचवर, म्हणजे टेस्टिंग मशीनवर, कोणते आकडे आले त्याचा. दुसरा, काम झाल्यावर कोणते आले त्याचा. पहिल्यांदा इंजेक्टर कामाला टाकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, कारण मी स्वतः एकदा एकही कागद न घेता परत आलो होतो.

२०१९ चा पावसाळा होता. आमची चार सिलिंडरची गाडी वाशीहून किराणा माल घेऊन नाशिकला जायची. सकाळी स्टार्टिंगला त्रास द्यायची आणि कसारा घाट चढताना पिकअप नसायचा. ओळखीतून कळलेल्या एका दुकानात चारही इंजेक्टर दिले. संध्याकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत मिळाले, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि आम्ही खूश झालो. दोन आठवड्यांनी ड्रायव्हरमामांचा फोन आला, "दादा, ऑइल वाढलंय. कमी झालं असतं तर टाकलं असतं, पण हे वाढलंय." डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता. एका इंजेक्टरचा नोझल, म्हणजे फवाऱ्याचं टोक, थेंब गाळत होता आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. मामांना रोज सकाळी डिपस्टिक पुसून बघायची सवय नसती, तर पातळ ऑइलवर चालून बेअरिंग आणि क्रँक गेले असते.

दुकान शोधण्याआधी दोष इंजेक्टरचाच आहे का ते बघा

काळा धूर, पांढरा धूर, टकटक आवाज, ॲव्हरेज पडणं, सकाळी उशिरा सुरू होणं या सगळ्या तक्रारी इंजेक्टरमुळे येतात, पण दुसऱ्या दहा कारणांनीही येतात. तुंबलेला डिझेल फिल्टर, कमी दाबाच्या लाईनमधून घेतलेली हवा, फाटलेला टर्बोचा होज, चोक झालेला एअर फिल्टर, बिघडलेलं टॅपेट सेटिंग ही स्वस्तातली कारणं आधी तपासून घ्या. फिल्टर बदलला नसेल तर लॅबच्या दारात जाऊच नका.

कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून (रेलमधून) डिझेल मिळतं, रिटर्न टेस्ट सोपी आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी नळी लावून ती वेगळ्या बाटलीत सोडतात आणि ठरावीक वेळात कुणाचं किती डिझेल परत येतं ते बघतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. रिटर्न जास्त असला की रेलमध्ये दाब साठत नाही, आणि ठरावीक दाब झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडायला सांगतच नाही. म्हणून सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन उठत नाही. चारही बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तरी दाब बनत नसेल, तर रेलवरचा प्रेशर लिमिटर किंवा पंप तपासायला हवा. अशा गाडीचे इंजेक्टर कितीही वेळा रिबिल्ड केले तरी फरक पडणार नाही.

इथे जिवावर बेतणारी एक गोष्ट. जुन्या गाडीत कोणता सिलिंडर मारत नाही हे बघायला मिस्त्री चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करायचे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. तिथे दाब १,६०० बारपर्यंत आणि नव्या इंजिनांत २,००० बारच्याही वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र डिझेल पसरत जातं आणि हात वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया लागते. अशी धार लागली तर मलम लावून घरी बसू नका, त्याच घटकेला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि जास्त दाबाचं डिझेल आत शिरलंय असं स्पष्ट सांगा.

तुमच्या गाडीत नक्की काय आहे

लॅब निवडायची तर आधी हे माहीत हवं, कारण एका प्रकारात हात बसलेला माणूस दुसऱ्या प्रकारात नवखा असू शकतो.

जुन्या टाटा, लेलँडमध्ये इनलाइन पंप आणि साधे मेकॅनिकल इंजेक्टर. आपल्याकडे अजून त्याला 'मायकोचा पंप' म्हणतात. मायको ही कंपनी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली आणि २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. नाशिकच्या सातपूरमधल्या त्यांच्या कारखान्यात नोझल बनतात, शहरातल्या एका चौकालाही लोक मायको सर्कल म्हणतात. या इंजेक्टरचा नोझल साधारण दोनशे-अडीचशे बारला उघडतो. हातपंपाच्या टेस्टरवर त्याची पारख होते: ठरलेल्या दाबाला उघडला पाहिजे, फवारा धुक्यासारखा बारीक आणि सारखा पडला पाहिजे, उघडझाप होताना करकर आवाज आला पाहिजे आणि उघडण्याच्या दाबाच्या वीसेक बार खाली दहा सेकंद धरला तरी टोकाला थेंब लटकता कामा नये. हे काम तुमच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत होतं, म्हणून समोर करून घ्या.

कॉमन रेलचा इंजेक्टर म्हणजे वेगळं प्रकरण. वर सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक), त्याखाली त्याने उचललं जाणारं आर्मेचर, त्याखाली बॉल आणि त्याची बारीक बैठक, मग लांब पिस्टन आणि शेवटी नोझल. नोझलमधली सुई म्हणजे नीडल आणि तिच्या घरातलं अंतर दोन ते चार मायक्रॉन असतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर अंदाज येईल. याला नुसता हातटेस्टर चालत नाही, बेंच लागतंच.

गाडीच्या वर्षावरून मात्र अंदाज बांधू नका. १ एप्रिल २०१७ ला देशभर प्रदूषणाचा बीएस-४ नियम आला, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. बीएस-४ म्हणजे सगळीकडे कॉमन रेल असं लोक धरून चालतात, पण अशोक लेलँडने त्या काळात आयईजीआर नावाने इनलाइन पंपाच्याच गाड्या विकल्या. भारतबेंझच्या काही इंजिनांत तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा युनिट पंप आहे. इंजेक्टरच्या अंगावरचा नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव, म्हणजे बॉश, डेल्फी की डेन्सो, हे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. लॅबला फोन करताना हाच फोटो आधी पाठवायचा.

कुठे शोधायचं

ट्रक जिथे उभे राहतात तिथे पंप-नोझलवाले असतात. कळंबोलीचा लोखंड बाजार, वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, तुर्भे, भिवंडी, कुर्ला हे पट्टे आधी फिरा. ऑपेरा हाऊसला सुट्या भागांचा जुना बाजार आहे, तिथल्या दुकानदारांना कोणती लॅब अस्सल नोझल आणि व्हॉल्व्ह सेट (बॉलची बैठक आणि पिस्टनची जोडी) नेहमी उचलते हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना सरळ विचारा. माझ्या मते ड्रायव्हरपेक्षाही चांगली माहिती इथे मिळते, कारण लॅब खरंच कोणते पार्ट टाकते हे पार्टवाल्याच्या काउंटरवर दिसतं.

कंपनीच्या अधिकृत डिझेल सर्व्हिस सेंटरची यादी बनवणाऱ्याच्या वेबसाइटवर मिळते. अधिकृत पाटी असणं चांगलंच, पण पाटी इंजेक्टरची आहे की फक्त बॅटरी, वायपर आणि स्पार्क प्लगची, ते वाचून घ्या. आणि पाटी नसलेल्या लहान लॅबमध्येही उत्तम काम होताना मी पाहिलंय. कसोटी पुढे येतेच.

शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे गाडी घेऊन लॅब शोधत फिरण्यात दिवस आणि भाडं दोन्ही जातं. इंजेक्टर काढून न्यायचे. त्यामुळे लॅब घराजवळ असलीच पाहिजे असं नाही; कळंबोलीचा माणूस भिवंडीला इंजेक्टर देऊ शकतो.

फोनवर काय विचारायचं, आणि त्यांनी तुम्हाला काय विचारायला हवं

तुम्ही "एका इंजेक्टरचे किती?" म्हटल्यावर जो लगेच आकडा सांगतो, त्याच्याबद्दल मला शंका येते. चांगला माणूस आधी उलट विचारतो. गाडी कोणती, इंजेक्टरचा नंबर काय, किती किलोमीटर झाले, तक्रार थंड इंजिनवर की गरम, फिल्टर कधी बदलला, टाकीत पाणी किंवा भेसळीचं डिझेल गेलं होतं का. जाणता लॅबवाला जुना फिल्टरही सोबत आणायला सांगतो. तो कापून उघडल्यावर आत चांदीसारखी चकचकीत भुकटी दिसली, तर हाय-प्रेशर पंप आतून झिजतोय. तेव्हा पंप, रेल, लाईन आणि टाकी साफ केल्याशिवाय रिबिल्ड केलेले इंजेक्टर बसवले, तर तीच भुकटी त्यांनाही खाते. हा प्रश्न ज्याने स्वतःहून काढला, त्याला मी अर्धा पास करतो.

तुमच्याकडून तीन प्रश्न पुरेत. खोलण्याआधी बेंचवर टेस्ट करून रिपोर्ट देता का? आर्मेचरची लिफ्ट, म्हणजे ते किती उचललं जातं, कशावर मोजता? ईसीयूत टाकायचा इंजेक्टरचा नवा कोड काढून देता का? तिन्हींना शांतपणे, सविस्तर उत्तर मिळालं तर प्रत्यक्ष जा.

दुकानात गेल्यावर

सगळ्यात आधी खोलण्याची आणि जोडण्याची जागा बघा. जिथे पंप धुतात, ग्राइंडर चालतो आणि रस्त्यावरची धूळ येते, त्याच टेबलावर कॉमन रेल इंजेक्टर जोडत असतील, तर नमस्कार करून निघा. दार बंद असलेली वेगळी खोली किंवा निदान काचेची केबिन हवी. कपडा धागे सोडणारा नको. जोडायच्या वस्तू झाकलेल्या हव्यात.

बेंच बॉशचं असेल, हार्ट्रिजचं असेल किंवा इतर कुणाचं, नावावर अडू नका. बेंचमध्ये काय भरलंय ते विचारा. त्यात आयएसओ ४११३ दर्जाचं कॅलिब्रेशन ऑइल हवं आणि त्याचं तापमान मशीनने धरून ठेवायला हवं. साधं डिझेल घालून चालवलेल्या बेंचचे आकडे तापमान आणि डिझेलप्रमाणे हलतात, मग ठरलेल्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ राहत नाही. तुमच्या इंजेक्टरच्या नंबरचा टेस्ट प्लॅन (ठरलेले आकडे) मशीनमध्ये आहे का, तेही स्क्रीनवर दाखवायला सांगा. "जवळपासचा नंबर लावतो" हे उत्तर चालणार नाही.

लिफ्ट मोजण्याबद्दल थोडं. कॉमन रेलमध्ये आर्मेचर किती उचललं जातं यावर किती डिझेल सुटणार ते ठरतं, आणि ते उचलणं मायक्रॉनमध्ये मोजून योग्य जाडीचं शिम (पातळ चकती) टाकून जमवायचं असतं. त्यासाठी डिजिटल गेज लागतो. नोझलचा नटही ठरलेल्या टॉर्कला आवळतात. "हाताला अंदाज आहे" असं तिथे कुणी म्हणालं तर इंजेक्टर उचला.

रिपोर्ट कसा वाचायचा

या भागात घाई करू नका, नवखा माणूस इथेच मान डोलावून पैसे देऊन येतो.

बॉश पद्धतीच्या रिपोर्टमध्ये ओळी साधारण अशा असतात: लीक, मग व्हीएल, ईएम, एलएल आणि व्हीई. ही जर्मन शब्दांची अक्षरं आहेत. व्हीएल म्हणजे पूर्ण लोड, ईएम म्हणजे एमिशन पॉइंट (मधला लोड), एलएल म्हणजे आयडल आणि व्हीई म्हणजे मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा. प्रत्येक ओळीत ठरलेला आकडा, अधिक-उणे सूट आणि तुमच्या इंजेक्टरचा आलेला आकडा असतो. माप घन मिलिमीटर प्रति स्ट्रोक. शिवाय रिटर्नचा आकडा वेगळा.

पूर्ण लोडची ओळ पास करणं तुलनेने सोपं असतं. नवा नोझल घातला की ती बऱ्याचदा जमते. खरी परीक्षा आयडल आणि छोट्या फवाऱ्याची, कारण तिथे डिझेल अगदी थोडं सुटतं आणि बॉलची झिजलेली बैठक किंवा चुकलेली लिफ्ट लगेच उघडी पडते. फक्त पूर्ण लोडचा आकडा कागदावर लिहून देणाऱ्याकडून बाकीच्या ओळी मागा. रिटर्न जास्त आणि बाकी सगळं पास असं दिसलं, तर व्हॉल्व्ह सेट बदललेलाच नाही असं समजायला हरकत नाही.

आणखी एक. समजा आयडलच्या ओळीत ठरलेला आकडा ६ आहे आणि सूट अधिक-उणे २. मग ४.१ वाला इंजेक्टरही पास आणि ७.९ वालाही पास. पण हे दोघे एकाच इंजिनात गेले तर आयडलला इंजिन डुलणार. म्हणून चारही किंवा सहाही इंजेक्टर एकमेकांच्या जवळ आलेत का ते बघा. पास होऊनही लांब असतील तर पुन्हा शिम बदलून जुळवायला सांगा. चांगला कारागीर यावर चिडत नाही, कित्येकदा त्याने ते आधीच केलेलं असतं.

खोलण्याआधीचा रिपोर्ट का मागायचा, तेही सांगतो. एखादा इंजेक्टर आधीच पास असेल तर त्यावर पैसे का घालायचे? शिवाय चार नंबरचा इंजेक्टर आधी आणि नंतर कसा होता हे कळलं, की काम खरंच झालं का ते दिसतं. टेस्ट मात्र सगळ्यांची करा. एकच काढून नेला तर त्याची बाकीच्यांशी जुळणी कशी करणार?

पार्ट आणि पैसे

फक्त अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुणं म्हणजे रिबिल्ड नाही. फक्त नोझल बदलणं हेही अर्धंच काम. काय बदललं, नोझल की व्हॉल्व्ह सेट, ओ-रिंग, बॉल, शिम, हे पार्ट नंबरसह जीएसटी बिलावर लिहून घ्या. जुने पार्ट परत मागा, तेही तुमचे आहेत.

नोझलवर 'डीएलएलए' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. तो आकडा फवाऱ्याचा कोन आहे, अंशांमध्ये. जुन्या नोझलवर १५० आणि नव्यावर १४५ दिसलं तर फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडेल. नुसता कोन जुळून भागत नाही, पूर्ण नंबर जुळला पाहिजे. खोकं डुप्लिकेट असू शकतं, म्हणून सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि खोक्यावरचा कोड बनवणाऱ्याच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर तपासा.

सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याकडे जाऊ नका, हे मी अनुभवाने सांगतो. पण नोझल, व्हॉल्व्ह सेट आणि सोलेनॉइड तिन्ही गेले असतील, तर लॅबचा आकडा कंपनीच्या एक्स्चेंज (जुना देऊन मिळणाऱ्या) इंजेक्टरच्या किमतीशी ताडून बघा. फरक थोडा असेल तर एक्स्चेंज घ्या. इंजेक्टरची बॉडीच आतून झिजली असेल तर प्रामाणिक लॅब स्वतःच नको म्हणते.

वॉरंटी लेखी हवी: किती महिने, कशावर, आणि पाण्याने खराब झालं तर काय. पाण्याचं नुकसान कुणीच भरून देत नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

काढणं, नेणं, बसवणं

इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या, दाब उतरू द्या. काढायच्या आधी इंजेक्टरभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्रत्येकावर सिलिंडर नंबर लिहा. पाईपची आणि रेलची तोंडं लगेच टोप्यांनी बंद करा. प्रत्येक इंजेक्टर टोपी लावून वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत आणि मग डब्यात ठेवा; ॲक्टिव्हाच्या डिकीत चार इंजेक्टर एकमेकांवर आपटत नेले तर नोझलचं टोक तिथेच जातं. परत आणतानाही त्याच टोप्या हव्यात. ज्या लॅबने उघडे इंजेक्टर हातात दिले, तिने आत किती स्वच्छता पाळली असेल?

बसवताना तांब्याचा वॉशर नवाच, आणि ठरलेल्या जाडीचाच. जुना वॉशर हेडमध्ये चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला तर इंजेक्टर वर उचलला जातो, कॉम्प्रेशन गळतं आणि हेडमध्ये काजळीचा काळा थर साचतो. टॉर्च लावून आत बघा. क्लँपचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. हाय-प्रेशर पाईपबद्दल गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच इंजिनांना ते काढले की नवेच टाकायला सांगितलेलं असतं.

मग कोड. इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकडे किंवा चौकोनी कोड असतो. त्या एका इंजेक्टरचा स्वभाव ईसीयूला त्यातून कळतो. रिबिल्ड झाल्यावर स्वभाव बदलतो, म्हणून ज्या गाड्यांत कोड लागतो तिथे लॅबने बेंचवरून नवा कोड काढून द्यायचा आणि स्कॅनरने तो योग्य सिलिंडरला टाकायचा. काही इंजिनांना कोड लागतच नाही; तसं असेल तर ते लॅबकडून लिहून घ्या. बीएस-६ गाडीत हे टाळलं तर धूर वाढतो, डीपीएफ (सायलेन्सरच्या लाईनमधला काजळीचा फिल्टर) लवकर तुंबतो आणि त्याचा खर्च इंजेक्टरच्या खर्चाला मागे टाकतो.

गाडी सुरू झाल्यावर आयडलवर रेल प्रेशर आणि प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन (ईसीयू किती डिझेल कमी-जास्त करतो ते) स्कॅनरवर बघा, फोटो काढा. गळती बघायची असेल तर पुठ्ठा धरा, हात नको. इंजिन ऑइलमध्ये आधीच डिझेल उतरलं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी लोडला पाठवा.

पहिला फेरा घाटाचा नको, कळंबोली ते न्हावा-शेवा असा जवळचा ठेवा. पहिले हजार किलोमीटर डिपस्टिक रोज बघा आणि पातळी तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचा नट रोज सकाळी थोडा ढिला करून पाणी सोडा. दोन्ही रिपोर्ट, बिल, स्कॅनरचे फोटो आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग गाडीच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाताना तीच फाइल सोबत न्यायची आहे.